स्थूलता व शारीरिक श्रम

शरीरात मेदाचा प्रमाणाबाहेर संचय होणे म्हणजे स्थूलता होय. श्रमाचा अभाव हे तिचे एक कारण असल्याची जाणीव फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अतिभोजन, अव्यायाम व दिवसा झोपणे यांबरोबरच बीजस्वभाव, म्हणजे जन्मजात प्रकृती, हेही कारण सांगितले आहे. यांपैकी कोणाचा वाटा किती, हे मोजण्याचे महत्त्वाचे प्रयत्न मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास झाले.

जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमधील बस-कर्मचाऱ्यांची पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा दुमजली गाड्यांचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या वाहकांत हृदयविकार कमी आढळला. याचे श्रेय श्रमाला देणे सोपे होते. पण मॉरिस तेथे थांबले नाहीत. गणवेशांची मापे वाहतूक संस्थेकडे होतीच. ती तपासली असता तरुण वयोगटातही चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा जास्त असल्याचे दिसले (१९५६). म्हणजे बसून करावयाच्या कामाकडे मुळातच स्थूल प्रकृतीची माणसे काही अंशी वळत असावीत. शिवणकामाच्या मापांतून निघालेली ही शंका अशा प्रकारच्या सर्वच पाहण्यांना लागू पडते.

त्याच वर्षी झां मायर यांनी कलकत्त्याजवळील एका ताग गिरणीतील २१३ पुरुषांविषयीची निरीक्षणे मांडली. कष्टाची कामे करणाऱ्यांचा आहार कामाच्या प्रमाणात वाढत होता. परंतु बैठे काम करणाऱ्यांचा आहार घटण्याऐवजी जास्तच होता आणि वजनही जास्त होते. श्रम एका मर्यादेखाली गेले की भुकेचे नियमन बिघडते, असे मायर यांचे मत झाले. अमेरिकेतील शाळकरी मुलींच्या पाहणीत तर स्थूल मुली इतरांहून कमी खातात, पण हालचाल फारच कमी करतात, असे त्यांना आढळले.

या निष्कर्षाचा दुसरा भाग टिकला, पहिला डळमळला. हायड्रोजन व ऑक्सिजन यांच्या जड समस्थानिकांनी अंकित केलेले पाणी पाजून शरीराचा ऊर्जाव्यय मोजण्याची पद्धती १९८० नंतर माणसांवर वापरात आली. स्थूल व्यक्ती आपला आहार प्रत्यक्षाहून बराच कमी सांगतात, असे तिच्यामुळे उघड झाले. याच पद्धतीने टांझानियातील शिकार व कंदमुळे यांवर जगणाऱ्या हाड्झा लोकांचे मापन झाले (२०१२). शरीराचे आकारमान लक्षात घेता त्यांचा दैनिक ऊर्जाव्यय पाश्चात्त्य शहरवासीयांइतकाच निघाला. व्यायाम हृदयाला हितकर असतो हे अबाधित राहिले; केवळ त्याने वजन उतरते, हा समज मात्र ढासळला.

महाराष्ट्रातील संशोधनाने प्रश्नाला निराळीच दिशा दिली. पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाच्या चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास केला. या स्त्रिया कृश असून शेतात व घरात कष्ट करणाऱ्या होत्या. त्यांच्या अर्भकांचे सरासरी वजन २.७ किग्रॅ. होते, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील अर्भकांचे ३.५ किग्रॅ. होते. तथापि पुण्याच्या अर्भकांत स्नायू कमी असले, तरी त्वचेखालील मेद त्या मानाने राखलेला होता. अशा बालकांना पुढे मधुमेहाचा धोका अधिक संभवतो. अधिक कष्ट करणाऱ्या मातांची अर्भके आणखी लहान असल्याचेही याच अभ्यासात दिसून आले. वजनकाट्यावर यांतील कोणीही स्थूल ठरले नसते.