डालड्याचा डबा

परवा पुण्यात शोभेच्या वस्तूंच्या एका दुकानात गेले होते. काचेच्या कपाटात पत्र्याचा एक जुना डबा मांडलेला. पिवळा रंग आणि त्यावर हिरवे माडाचे झाड. खाली चिठ्ठी : ‘विंटेज’. मला हसूच आले. हा तर आमच्या फळीवरचा डालड्याचा डबा!

डालडा बाजारात आला १९३७ साली. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला, की ते तुपासारखे गोठते. साजूक तूप न परवडणाऱ्या घरांत सणावारी त्यातच पुऱ्या, करंज्या तळल्या जाऊ लागल्या. गांधीजींनी या वनस्पती तुपाला विरोध केला होता. साजूक तुपात त्याची भेसळ होईल, अशी भीती होतीच. म्हणून त्यात निदान पाच टक्के तिळाचे तेल घालण्याचा नियम झाला. भेसळ असली, तर रासायनिक चाचणीत लाल रंग उमटे आणि चोरी पकडली जाई.

तूप संपले, की डब्याचा दुसरा जन्म सुरू होई. कुणी तळाला भोके पाडून त्यात तुळस लावी, कुणी पीठ भरी. आमच्याकडे त्यात तूरडाळ असे आणि डाळीच्या तळाशी आईची पैशांची पुरचुंडी. १९७४ च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला. वडील संपावर होते. त्या दिवसांत आईने डब्यात कोपरापर्यंत हात घालून पुरचुंडी बाहेर काढलेली मला आठवते. वडिलांना तोवर तिचा पत्ताही नव्हता. ते काही बोलले नाहीत. पिशवी घेऊन वाण्याकडे गेले.

पुढे प्लास्टिकच्या पिशव्या आल्या आणि पत्र्याचे डबे मागे पडले. या तुपातल्या ट्रान्स फॅटने हृदयविकाराचा धोका वाढतो, हेही कळले. २०२२ पासून खाद्यतेल आणि वनस्पती तुपात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांहून अधिक चालत नाही. तेव्हा त्या तुपासाठी हळहळण्याचे कारण नाही.

तरीही त्या कपाटापुढून माझा पाय निघेना. आज आपल्याला तो डबा देखणा वाटतो. आईला तसा तो कधी वाटला असेल, असे नाही. तिच्या लेखी तो घट्ट झाकणाचा होता, मुंग्या न शिरणारा होता आणि मुख्य म्हणजे फुकटचा होता. दुकानदाराने डबा उघडून दाखवला. आत काही नव्हते. मी तो घेतला नाही.