क्ष-किरण आणि कोवळे वय

सातारा-सांगलीच्या मुलखात क्षयाच्या जुन्या झुंजीच्या दोन ठळक खुणा आहेत. पाचगणीच्या थंड हवेत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 साली 'बेल-एअर' आरोग्यधाम काढले. आणि मिरजेचे मिशन इस्पितळ उभारणारे सर विल्यम वानलेस यांचे नाव सांगली-मिरजेमधल्या वानलेसवाडीच्या क्षयरोग्यधामाला लाभले. मोकळी हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती. त्या काळी वैद्याच्या हाती याहून फारसे काही नव्हते.

पुढे जगभरच्या आरोग्यधामांत आणखी एक उपाय रूढ झाला. छातीत सुईने हवा भरून रोगट फुप्फुस मिटवून ठेवायचे. ही हवा जिरे, ती पुन्हा भरावी लागे, आणि फुप्फुस किती मिटले हे पाहण्यासाठी रोग्याला पुनःपुन्हा क्ष-किरणांच्या पडद्यामागे उभे करीत. वर्षा-दोन वर्षांत ही पाहणी शंभरावरही जाई. रोग्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या मुली पुष्कळ असत. प्राण वाचत होते; किरणांचा हिशेब कोण ठेवतो?

तो हिशेब निघाला कॅनडात. डॉ. मॅकेन्झी यांनी 1965 साली जुने रोगी शोधून काढले. पडद्यामागे वारंवार उभ्या राहिलेल्या 271 स्त्रियांपैकी 13 जणींना स्तनांचा कर्करोग झाला होता; अशी पाहणी न झालेल्या 510 जणींत एकच. पुढच्या अभ्यासांत दिसले, की कोवळ्या वयात किरण घेतलेल्यांना धोका अधिक. त्याआधी 1956 साली इंग्लंडमध्ये डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी तर मुले गमावलेल्या आयांनाच विचारले होते: गरोदरपणी पोटाचा फोटो काढला होता का? कर्करोगाने गेलेल्या मुलांच्या आयांकडून 'होय' हे उत्तर जवळजवळ दुप्पट वेळा आले. वैद्यकाच्या जाणत्या मंडळींनी या बाईंवर वर्षानुवर्षे विश्वास ठेवला नाही, हेही सांगितले पाहिजे.

वाढत्या शरीरातील पेशी झपाट्याने विभागतात आणि मुलापुढे आयुष्यही लांब असते; त्यामुळे इजा उमटायला अवधी मिळतो. ती उमटते तेव्हा फोटो काढणारा डॉक्टर कधीच निवृत्त झालेला असतो.

क्षयावरच्या औषधांनी तो पडदा हटला, पण 1971 साली हाऊन्सफील्ड यांच्या यंत्राने सीटी स्कॅन आणला. आज आंब्यावरून पडलेले पोर साताऱ्यात किंवा मिरजेत त्याच यंत्राखाली जाते. ब्रिटनमध्ये 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा: दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याचे दहा हजार स्कॅन झाले, तर पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा सुमारे एक आणि मेंदूच्या गाठीचा सुमारे एक रोगी अधिक. मेंदूतला रक्तस्राव घटकाभरात दाखवणाऱ्या यंत्राला घाबरून पोर घरी नेणे हा वेडेपणा होय. प्रश्न आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या स्कॅनचा, सोनोग्राफीने भागत असता काढलेल्या पोटाच्या स्कॅनचा, आणि मोठ्या माणसासाठी लावलेली मात्रा तशीच लहानग्याला देण्याचा.

हल्लीचे यंत्र प्रत्येक वेळी दिलेली मात्रा आकड्यात नोंदते. फिल्मचे पाकीट आईच्या पिशवीतून गावी जाते. तो आकडा मात्र पुष्कळदा यंत्रातच राहतो.