जपानी ढोल आणि वर्ध्याची प्रार्थना

ढोल हें वाद्य ऐकण्यासाठीं आहे कीं जमण्यासाठीं, हा प्रश्न प्रथमदर्शनीं निरर्थक वाटेल. परंतु जपानी ढोलाच्या इतिहासांत तो महत्त्वाचा ठरला आहे, आणि त्याचें एक उत्तर महाराष्ट्राच्याच भूमीवर सांपडतें.

बोईसरजवळचें बेटेगांव ज्या पालघर जिल्ह्यांत मोडतें, तेथील वारली पाड्यांवर भातकापणीच्या सुमारास तारपा घुमूं लागला म्हणजे वादक मध्यें राहतो आणि एकमेकांच्या कमरेस हात घालून स्त्रीपुरुष त्याच्याभोंवतीं फेर धरतात. जपानांतील उन्हाळ्याच्या ओबोन उत्सवाचें चित्रहि असेंच आहे. पितरांच्या स्वागतासाठीं लोक जमतात, मध्यभागीं लांकडी माचा उभारून त्यावर ढोल ठेवतात आणि त्याच्या ठेक्यावर आबालवृद्ध वर्तुळांत नाचतात. या ढोलास जपानी भाषेंत ‘ताइको’ म्हणतात. केयाकी वृक्षाचें खोड पोखरून त्याच्या दोन्ही तोंडांवर कातडें ताणून खिळ्यांनीं बसविलें कीं उत्तम प्रतीचा ताइको सिद्ध होतो. येथें वाजविणारा आणि नाचणारा असे दोन वर्ग असले, तरी नुसता पाहणारा असा तिसरा वर्ग फारसा नसतो.

तो वर्ग पुढें निर्माण झाला. १९५१ सालीं नागानो प्रांतांत दाइहाची ओगुची या जाझ-वादकानें लहानमोठे अनेक ताइको एकत्र मांडून त्यांचें वृंदवादन बसविलें. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या निमित्तानें त्याची कीर्ति जगभर पसरली, आणि पुढें देशोदेशींच्या सार्वजनिक समारंभांत अशीं पथकें दिसूं लागलीं. त्यांचें बळ आणि शिस्त पाहून मन थक्क होतें यांत संशय नाहीं. मात्र पूर्वीं जो फेरांत नाचत असे, तो येथें टाळ्या वाजविणारा प्रेक्षक झाला.

महाराष्ट्रांत जपानी ढोल आला तो या वृंदवादनाच्या पुष्कळ आधीं, आणि तोहि एका भिक्षूच्या हातांतून. निचिदात्सु फूजी हे निचिरेन परंपरेंतील बौद्ध भिक्षू १९३१ सालीं भारतांत आले आणि ४ ऑक्टोबर १९३३ रोजीं वर्ध्यास महात्मा गांधींना भेटले. त्यांच्या पंथाचा ढोल म्हणजे गोल कड्यावर ताणलेलें कातडें व त्याला एक दांडी. आकार थेट हातपंख्यासारखा. डाव्या हातांत ढोल, उजव्या हातांत काठी, आणि मुखीं सद्धर्मपुंडरीक सूत्रास नमस्कार करणारा सात अक्षरांचा मंत्र. हें वादन शिकण्यास गुरूची गरज नाहीं. मंत्र म्हणतां येणाऱ्या मुलालाहि तें साधेल.

फूजींचा एक शिष्य पुढें सेवाग्राम आश्रमांत राहिला. सकाळसंध्याकाळ तो ढोल वाजवीत, मंत्र म्हणत आश्रमाभोंवतीं फिरे. डिसेंबर १९४१ मध्यें जपान युद्धांत उतरला आणि सरकारनें त्या भिक्षूस शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून पकडून नेलें. सेवाग्रामांतला तो ढोल थांबला. परंतु त्याचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेंत आरंभींच म्हटला जाऊं लागला. ज्या दिवसांत जपानी सैन्य ब्रह्मदेश ओलांडून भारताच्या सीमेकडे सरकत होतें, त्याच दिवसांत विदर्भांतील एका खेड्यांत हिंदी माणसें जपानी उच्चारांत तो मंत्र म्हणत होतीं. परकी सत्तेला माणूस कैद करतां आला. त्याच्याबरोबर म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना त्याचा मंत्र विसरावयास लावणें तिला जमलें नाहीं.

१९४५ मधील हिरोशिमा आणि नागासाकीच्या संहारानंतर फूजींनीं शांतिस्तूप उभारण्याचें व्रत घेतलें. १९५४ सालीं कुमामोतो येथें, १९६९ सालीं राजगृहास असे स्तूप झाले. मुंबईंत वरळीस त्यांच्या पंथाचें मंदिर बिर्लांच्या साहाय्यानें १९५६ सालीं उभें राहिलें. फूजी १९८५ सालीं वारले. वर्ध्यास गीताई मंदिराशेजारीं विश्वशांति स्तूप पुरा झाला तो १९९३ मध्यें.

वृंदवादनाचा ढोल हात थकले कीं थांबतो, आणि लोक घरोघर परततात. सेवाग्रामचा ढोल थांबला तेव्हां लोकांनीं त्याचीं अक्षरें स्वतःच्या मुखीं घेतलीं, कारण ते त्याचे श्रोते कधींच नव्हते. ओबोनच्या वर्तुळांतल्याप्रमाणें, तारप्याच्या फेरांतल्याप्रमाणें, तेहि त्यांत सामील झालेले होते.