चुन्याचा अंश आणि रक्ताची धार

इ. स. १८८२ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचा एक डॉक्टर बेडकाच्या हृदयावर प्रयोग करीत होता. मिठाच्या द्रावणावर ते हृदय छान चालू राहिले, आणि तसे त्याने छापूनही टाकले. पुढे उलगडा झाला तो निराळाच! द्रावणासाठी ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाणी घेताच हृदय थंडावू लागले. नळाच्या पाण्यातला चुन्याचा अंश, म्हणजे कॅल्शियम, तेच हृदयाला चालवीत होते. रिंगरने १८८३ साली ही दुरुस्ती मोकळेपणाने प्रसिद्ध केली.

ऐंशी वर्षांनी जर्मनीतील फ्रायबर्ग येथे आल्ब्रेख्ट फ्लेकेनस्टाइन याने हेच सूत्र उलटे फिरवले. पेशीत शिरणारे कॅल्शियम अडवले, तर हृदयाचा जोर आणि रक्तवाहिन्यांचा ताण उतरेल! वेरापामिल, निफेडिपिन या औषधांनी ते खरे ठरले. आज रक्तदाबाच्या रोग्याच्या उशाशी असलेली अम्लोडिपिनची गोळी याच कुळातली.

तथापि कॅल्शियमचे काम एवढेच नाही. जखमेशी रक्तातील बिंबिका एकमेकींना चिकटतात, कापलेली वाहिनी आकसते, रक्त गोठते. या साऱ्याला कॅल्शियम लागतेच. मग ते अडवणाऱ्या औषधाने शस्त्रक्रियेनंतर रक्त थांबायला अडचण येणार नाही काय?

या प्रश्नाचे दारुण उत्तर १९९५ साली छापून आले. हृदयाची झडप बदलताना मेंदूला इजा होऊ नये, या सद्हेतूने अमेरिकेत निमोडिपिनची चाचणी चालली होती. रोगी १४९. औषध मिळालेल्या ७५ जणांपैकी ८ दगावले. नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्या ७४ पैकी १. मोठा रक्तस्रावही औषधाच्याच गटात अधिक झाला. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

म्हणून सारे कुळच बदनाम करणे मात्र न्यायाचे नव्हे. हृदयशस्त्रक्रियेतील अनेक चाचण्यांच्या २००३ सालच्या एकत्रित आढाव्यात या वर्गातील औषधांनी हृदयविकाराचे झटके कमी झाल्याचे दिसले. तेव्हा रोग्याने गोळी आपल्या मनाने सोडू नये. शस्त्रक्रियेपूर्वी ती डॉक्टरांना दाखवावी, एवढेच.

ती चाचणी वेळीच थांबवणारे आणि तिचे आकडे न लपवता छापणारे लोक रिंगरच्याच परंपरेतले. त्या आठ जणांचे ऋण औषधशास्त्राने याच मार्गाने फेडायचे असते.