आधी राखण, मग हक्क

२७ एप्रिल २०११. ऐन उन्हाळ्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा या गावात दिल्ली आणि मुंबईहून पाहुणे आले होते. केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण. त्यांनी गावच्या देवाजी तोफा यांच्या हाती एक पुस्तक ठेवलं. ते वाहतूक परवान्यांचं होतं. जंगलातला माल घेऊन गाडी रस्त्याला लागली की नाक्यावर पहिल्यांदा हाच परवाना मागतात. तो नसेल तर माल चोरीचा ठरतो. असा परवाना द्यायचा तो वनखात्यानेच, ही इंग्रजी अमलापासूनची रीत. त्या दिवसापासून मेंढ्याची ग्रामसभा आपल्या बांबूचा परवाना आपणच देऊ लागली. देशात हे पहिल्यांदाच घडत होतं.

त्या दिवसाच्या बातम्या सगळीकडे छापून आल्या. पण त्या पुस्तकापर्यंत पोचायला गावाला पाव शतक लागलं होतं, आणि खरी गोष्ट त्या पाव शतकातली आहे.

गडचिरोलीहून धानोऱ्याकडे निघालं की साधारण तीस किलोमीटरवर मेंढा लागतं. पूर्वी लेखा ग्रामपंचायतीतलं गाव, म्हणून कागदोपत्री ‘मेंढा (लेखा)’. शंभराच्या आसपास घरं, पाचशेच्या आतबाहेर माणसं, सगळी गोंड. आणि गावाच्या भोवती अठराशे हेक्टरांवर जंगल. त्यात ऐन, बीजा, मोह, तेंदू, चार, आवळा, आणि सगळीकडे बांबू. इथल्या माणसाचं वर्ष या झाडांवरच बेतलेलं असतं. उन्हाळा लागताना पहाटे टोपल्या घेऊन मोहफुलं वेचायची, मग चारोळी, मे महिन्यात तेंदूपानं, पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे वास्ते. शेती आहे, धानाची. पण नुसत्या धानावर कुणाचं वर्ष निघत नाही.

हा मुलूख जुन्या चांदा जिल्ह्याचा. आधी गोंड राजांचा, मग नागपूरकर भोसल्यांचा, १८५४ पासून इंग्रजांचा. पूर्वेकडच्या दाट जंगलात जमीनदाऱ्या होत्या. गावांना जंगलातून घरासाठी लाकूड, सरपण, कुंपणाला काटे, गुरांना चराई, औताला फाटा मिळायचा, आणि या सगळ्या व्यवहाराला एकच शब्द होता: निस्तार. महाराष्ट्रात विदर्भाबाहेर हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नाही. इथे मात्र म्हातारी माणसं तो घरच्या वस्तूचं नाव घ्यावं तसा उच्चारतात. १९५१ साली जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारच्या ताब्यात आलं. चांदा तेव्हा मध्य प्रदेशात होता. जमीनदाऱ्या मोडणाऱ्या त्याच कायद्यात गावोगावच्या निस्ताराची नोंद करायची तरतूद होती, आणि निस्तारपत्रकं तयारही झाली. पण कागदावरचा निस्तार आणि जंगलात उभा असलेला वनरक्षक यांत गाव कायम वनरक्षकापुढे हरायचं. ज्या जंगलात बापजादे राहिले, तिथून नांगराचा फाटा आणायचा तर मिनतवारी करा, नाहीतर हात ओले करा.

त्याच सुमारास जंगलातला बांबू दुसरीकडेच निघाला होता. कागद कारखान्यांना सरकारने बांबूचे ठेके दिले, तेही नाममात्र दराने. बांबूच्या बेटाला इकडे रांजी म्हणतात. रांजी तोडायची एक रीत असते. यंदाचा आणि गेल्या सालचा बांबू राखायचा, त्याहून जुना तेवढा काढायचा, काढतानाही जमिनीजवळच्या पेराच्या वर कोयता चालवायचा आणि बेटाचा बाहेरचा घेर फोडायचा नाही. कोवळा बांबू नव्या कोंबांना आधार देतो. तो गेला की कोंब वाकडे निघतात आणि दोन-चार पावसाळ्यांत रांजी बसते. ठेकेदाराच्या मजुराला नगावर पैसे. त्याने वय कशाला बघावं? हाताला लागेल तो बांबू तुटत गेला.

ऐंशीच्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणं आखली गेली. त्यात प्रचंड जंगल आणि शेकडो आदिवासी गावं बुडणार होती. विरोधात ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात उतरले, आणि धरणं बारगळली. मेंढ्याची माणसं या आंदोलनात होती. आंदोलन संपलं की माणसं घरी जातात आणि पुढच्या संकटाची वाट पाहतात, असं पुष्कळदा होतं. मेंढ्याने घरी परतल्यावर वेगळाच प्रश्न काढला: धरण नको म्हणालो, ठीक; पण हे जंगल राखायचं कुणी?

चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल याच काळात या गावाशी जोडले गेले. सर्वांच्या संमतीने चालणारं गाव कुठे आहे का, याचा ते शोध घेत होते. गावाला त्यांनी काय करावं हे सांगितलं नाही; गावाच्या बैठकीत ते बसत राहिले. त्यातून मेंढ्याने दोन वेगळी ठिकाणं घडवली. एक अभ्यासगट, जिथे बाहेरची माणसंही येऊ शकतात, कायदा वाचतात, वाद घालतात, पण निर्णय काही होत नाही. दुसरी ग्रामसभा, जिथे निर्णय होतो, आणि तो फक्त गावाचा. मतदान नाही. एकानेही ‘मला पटलं नाही’ म्हटलं की विषय पुढच्या बैठकीवर. शहरी माणसाला ही रीत वेळखाऊ वाटेल, आणि ती आहेच. पण बहुमताने हरलेला माणूस रात्री कुऱ्हाड घेऊन जंगलात शिरू शकतो. ज्याच्या होकारावाचून नियम झालेलाच नाही, त्याला तसं करणं जड जातं. मेंढ्याचं जंगल टिकण्यामागे मला हे कारण सर्वांत मोठं दिसतं. पाटीवर लिहिलेले नियम तर राज्यातल्या हजारो गावांत होते.

गावाची घोषणा प्रसिद्ध आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. गोंडीत ‘मावा नाटे मावा सरकार’. तिची पहिली कसोटी लागली ती घोटुलावर. घोटुल म्हणजे गोंड गावाचं तरुण मुला-मुलींचं एकत्र जमायचं, शिकायचं घर. मोडकळीला आलेली ती जुनी रीत गावाने पुन्हा उभी करायची ठरवली आणि जंगलातून लाकूड आणून घोटुल बांधलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवलं, मोडलं, लाकूड उचलून नेलं. गाव चिडलं, पण हातघाईवर आलं नाही. आसपासच्या गावांना बोलावलं, बैठका झाल्या, आणि निस्ताराच्या हक्कावर बोट ठेवून घोटुल पुन्हा बांधलं गेलं. खातं मागे सरलं. पुढे जंगलाचे बहुतेक निर्णय घोटुलातच झाले.

निर्णय कोणते, ते बघण्यासारखे आहेत. घरच्या गरजेपुरतं जंगलातून आणायचं, त्यासाठी कुणालाही लाच द्यायची नाही. किती आणायचं आणि कधी, हे ग्रामसभा ठरवेल. जंगलाला आग लावायची नाही. जंगलात अतिक्रमण करून शेती काढायची नाही. पाळीपाळीने गस्त घालायची. बाहेरच्या कुणालाही, मग ते सरकारी खातं का असेना, ग्रामसभेला विचारल्याशिवाय जंगलात काम सुरू करता येणार नाही. फळासाठी फांदी किंवा झाड तोडायचं नाही. नदी-नाल्यात विष टाकून मासे मारायचे नाहीत.

यातले निम्मे नियम गावाने स्वतःवरच घातलेले आहेत, हे विसरता येत नाही. विषाने मासे मारणं ही जुनी सवय होती. आवळ्याची, चारोळीची फांदीच खाली ओढणं सोयीचं होतं. मधाचंही तसंच. आग्या मोहोळ काढायचं म्हणजे रात्री पेटता टेंभा लावून माश्या जाळायच्या आणि सगळं पोळं उतरवायचं. अभ्यासगटात यावर बोलणं झालं. पोळ्यात मध एका बाजूला असतो, अंडी-अळ्या दुसऱ्या बाजूला. अंगभर जाडं कापड आणि तोंडावर जाळी घालून नुसता मधाचा भाग कापला तर उरलेल्या पोळ्यात माश्या परत बसतात आणि त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळतो. गावातली पोरं हे शिकली. मोहोळ जाळून वर्षाचा मध एकदाच घेण्यापेक्षा यात पैसा जास्त होता, आणि माश्या राहिल्या म्हणून झाडांना फळधारणाही राहिली.

१९९२ साली महाराष्ट्राने संयुक्त वनव्यवस्थापनाचं धोरण आणलं. उजाड जंगल गावाने वाढवायचं, उत्पन्नात वाटा घ्यायचा. मेंढ्याने अर्ज केला तेव्हा अडचण निघाली: इथलं जंगल उजाड नव्हतं, योजनेत बसत नव्हतं. म्हणजे ज्या गावाने राखलं, त्याला राखण्याच्या योजनेत जागा नाही! गावाने नेट सोडला नाही आणि शेवटी योजनेत शिरकाव मिळवला. पण उमगलं एवढंच की वाटा मागत बसलो तर मालक दुसराच राहणार.

मालकीचा प्रश्न २००६च्या वनहक्क कायद्याने सोडवला, निदान कागदावर. या कायद्यात दोन गोष्टी आल्या. गाव पिढ्यानपिढ्या जे जंगल वापरत आणि राखत आलं, त्याच्यावर सामूहिक हक्क गावाचा. आणि बांबू हे गौण वनोपज, म्हणजे मोह-डिंक-मधाच्या रांगेतलं. वरवर बारीक वाटणाऱ्या या दुसऱ्या गोष्टीत सगळा पैसा होता. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाडांत घातलं होतं. वनस्पतिशास्त्रात बांबू गवत आहे हे शाळकरी पोरालाही सांगता येतं; कायद्याने त्याला झाड म्हटलं म्हणून तो इमारती लाकडाच्या हिशेबात गेला आणि खात्याच्या ताब्यात राहिला.

२००९ साली मेंढा आणि शेजारचं मर्दा या देशातल्या पहिल्या दोन गावांना सामूहिक वनहक्काचे दावे मंजूर होऊन मिळाले. मेंढ्याच्या वाट्याला १८०९ हेक्टर. गावाला वाटलं, आता बांबू विकू. खात्याने वाहतूक परवाना नाकारला. बांबू अजून लाकूडच, असं त्यांचं म्हणणं. दोन कायदे आमनेसामने उभे राहिले आणि गावाचा बांबू मध्ये अडकला. मार्च २०११मध्ये जयराम रमेश यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज आहे हे स्पष्ट केलं, आणि पुढच्याच महिन्यात ते पुस्तक मेंढ्यात पोचलं. १९२७च्या कायद्यातली झाडाची व्याख्या मात्र २०१७ पर्यंत तशीच होती.

गावाने मग आपला बांबू आपण विकला. निविदा काढल्या, भाव ठरवला, मजुरी गावातच राहिली. ज्या बांबूसाठी पूर्वी कारखान्याच्या ठेकेदाराकडे मजुरी करायची, त्याच बांबूचे पैसे ग्रामसभेच्या खात्यात येऊ लागले. पण मला महत्त्वाचं वाटतं ते तोडीचं वेळापत्रक. कुठला पट्टा यंदा तोडायचा आणि कुठला विश्रांतीला ठेवायचा, हे आता ते लोक ठरवत होते ज्यांना पुढच्या वर्षी वास्ते तिथूनच आणायचे आहेत.

मेंढ्याच्या पाठोपाठ गडचिरोलीत एक हजाराहून जास्त गावांना असे हक्क मिळाले. प्रत्येकाने मेंढ्याचीच नक्कल केली असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने ठरवलं की तेंदूपानं तोडायचीच नाहीत. चांगली कोवळी पालवी फुटावी म्हणून तेंदूची झुडपं छाटतात, जंगलात आग लावतात. त्यात तेंदूची फळंही जातात आणि नवी रोपंही. उन्हाळ्यातल्या रोख पैशावर असं पाणी सोडणं हातावर पोट असलेल्या गावाला सोपं नसतं. त्यांनी बांबूवर भर दिला. जबरदस्तीने हे कुणालाच करायला लावता आलं नसतं.

सगळं गोड झालं असं मात्र मानू नये. कितीतरी गावांकडे हक्काचा कागद आहे आणि ग्रामसभा वर्षातून चार वेळाही भरत नाही. तिथे ठेकेदार ग्रामसभेच्या नावाने तोच जुना धंदा करू शकतो. बैठकीची सवय आधी लागली आणि कागद नंतर आला, हा मेंढ्याचा क्रम उलटा करून चालत नाही, हे या गावांकडे बघून कळतं. मेंढा स्वतः तर पुढे गेलं. २०१३ साली गावाने आपली खाजगी शेतीही ग्रामदानात, म्हणजे साऱ्या गावाच्या मालकीत, देण्याचा निर्णय केला. विनोबांच्या चळवळीतून आलेला महाराष्ट्राचा १९६४चा ग्रामदान कायदा बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. मेंढ्याने तो शोधून काढून वापरला.

वनहक्क कायद्याचा विषय निघाला की पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात लोक तो गडचिरोलीचा मानतात. तसं नाही. आदिवासी नसलेल्या गावालाही, १३ डिसेंबर २००५च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथल्या जंगलावर विसंबून राहिल्याचं दाखवता आलं तर सामूहिक हक्क मागता येतो. दाव्याला एकाहून जास्त पुरावे लागतात. जुनं निस्तारपत्रक चालतं, नकाशा चालतो, जुनी देवराई किंवा स्मशान चालतं, आणि गावातल्या वडीलधाऱ्या माणसाने सांगितलेलं, लिहून काढलेलं निवेदनही चालतं. तुमच्या गावाला लागून जंगल असेल, तर त्या जंगलाची जुनी वहिवाट, पाणवठे, चराईच्या वाटा ठाऊक असलेली ऐंशीच्या घरातली माणसं अजून आहेत. या उन्हाळ्यात वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.