अवलंबित (आयकर)

आयकरदात्याच्या मिळकतीवर ज्याचा चरितार्थ चालतो असा कुटुंबीय. घरात खाणारी तोंडे किती, हे भारताचा आयकर आज विचारत नाही. पूर्वी विचारत असे. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी १९५५ च्या अंदाजपत्रकात विवाहितांची करमुक्त मर्यादा २,००० रुपयांवर नेली आणि अविवाहितांची १,००० रुपयांवर आणली. १९५८ च्या सुमारास एक अपत्य असल्यास ३,३०० आणि अधिक असल्यास ३,६०० रुपये करमुक्त होते. पुढे ही पद्धत मोडीत निघाली. आता सवलत मिळते ती खर्चाला, आणि ‘अवलंबित’चा अर्थ कलमागणिक बदलतो.

अमरावती-अकोल्याकडच्या पगारदाराला याचा अनुभव आईवडिलांपासूनच येतो. कलम ८०-डी खाली त्यांच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यावर २५,००० रुपयांपर्यंत, साठी उलटली असल्यास ५०,००० पर्यंत वजावट मिळते. ते अवलंबित असण्याची अट नाही. दर्यापूरकडे कपाशीचे रान राखून असलेल्या बापाचा हप्ताही मुलाला चालतो. विमाच नसलेल्या ज्येष्ठांचा औषधोपचार याच मर्यादेत बसतो, पण मेडिकलवर रोख दिलेल्या पैशाची पावती कामाची नाही. सासू-सासरे मात्र या व्याख्येत नाहीत. अचलपूरची एखादी शिक्षिका त्यांचा हप्ता स्वतःच्या पगारातून भरत असली तरी वजावट तिला नाही. सून घर चालवते, ही गोष्ट कायद्याच्या गावीच नाही.

दिव्यांग अवलंबितासाठी कलम ८०-डीडी आहे. पती-पत्नी, मुले, आईवडील व भावंडे यांपैकी जो पूर्णतः किंवा मुख्यत्वे करदात्यावर विसंबून आहे, त्याच्यासाठी प्रत्यक्ष खर्च कितीही असो, ७५,००० रुपये. दिव्यांगत्व ८० टक्के वा अधिक असल्यास १,२५,००० रुपये. शासकीय वैद्यकीय प्रमाणपत्र लागते; अमरावतीत त्यासाठी इर्विन रुग्णालयाची पायरी चढावी लागते. त्या व्यक्तीने स्वतः ८०-यू ची वजावट घेतली असल्यास ही मिळत नाही. पुतण्या, भाचा किंवा आजी वैयक्तिक विवरणपत्रात बसत नाहीत. हिंदू अविभक्त कुटुंब करदाता असेल, तर त्याचा कोणताही सदस्य चालतो.

कलम ८०-सी च्या दीड लाखांत दोन मुलांची शिकवणी फी धरता येते, ती मात्र शाळा-महाविद्यालयाची. अकोल्यात नीटच्या क्लासला मोजलेली रक्कम तीत येत नाही, आणि तेल्हारा-मूर्तिजापूरच्या पालकाचा मोठा खर्च नेमका तोच असतो.

अज्ञान मुलाच्या नावावरच्या ठेवीचे व्याज आईवडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवतात. मुलामागे १,५०० रुपये सुटतात.

वरील सर्व सवलती जुन्या करप्रणालीतल्या. २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते. कलमांचे क्रमांक १९६१ च्या कायद्याचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा कायदा लागू असून त्यात ते बदलले आहेत.