नांगराची पकड

आंबोली घाटाखालचा किनारा झोडपून तोक्ते चक्रीवादळ १६ मे २०२१ रोजी उत्तरेकडे सरकले. दुसऱ्याच दिवशी मुंबई हायजवळ नांगरलेला पी-३०५ बार्ज बुडाला. त्यावरील २६१ जणांपैकी १८६ वाचले. त्याच वादळात वरप्रदा ही टग बोटही बुडाली.

अशा बार्जला स्वतःहून चालता येत नाही. टग बोट एकेक नांगर दूर नेऊन सोडते. मग बार्जवरील विंच दोर ताणून घेतात. ओढ आडवी असेल तोवर नांगर तळात रुततो. ती वर वळली की उपटतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की जोर चौपट होतो. त्या दिवशी नांगर टिकले नाहीत.

हवामान खात्याचा इशारा आधीच आला होता. नांगर किती वाऱ्याला पुरेल आणि बंदर केव्हा गाठायचे, हे गणित वादळापूर्वीच सोडवायचे असते.